कात्रजची प्रत

आमचे घरमालक काका बॅकअपला बॅकअप म्हणत नसत. ‘प्रत’ म्हणत. प्रत घेतली असं कुणी सांगितलं की लगेच विचारत, “घेतली, हे कळलं. आहे का?”

या एका प्रश्नावर मी पंधरा वर्षं नोकरी करतोय. परदेशातल्या बँकांच्या कॉम्प्युटरांना आग लागली, पूर आला, तर त्यांची माहिती परत कशी आणायची, याचे आराखडे करण्याबद्दल मला पगार मिळतो. माझ्या प्रत्येक सादरीकरणात तिसऱ्या स्लाइडवर काकांचं वाक्य इंग्रजीत असतं. समोरचे गोरे साहेब माना डोलावतात. वाक्य कुणाचं, हे मी सांगत नाही. काकांचं जे जे मी घेतलं, त्यातली ही सगळ्यात किरकोळ चोरी.

यवतमाळहून एमसीए करायला पुण्यात आलो तेव्हा मंडईपासून चालत सात मिनिटांवर, त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची खोली मला मिळाली. काका पाणी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. दुसरं अर्थातच पहिलं बंद पडलं तर. दोन्ही पेनं रोज सकाळी कागदावर गिरवून बघत, म्हणजे दुसरं वेळेवर दगा देणार नाही. खोली ताब्यात देताना त्यांनी दोन किल्ल्या दिल्या.

“ही किल्ली. ही जादाची. जादाचीनं उघडून दाखवा.”

“काका, पहिलीनं आत्ताच उघडलं की आपण.”

“पहिलीचं कुणी विचारलं?”

मी उघडून दाखवलं. पुढे दर एक तारखेला दाखवत राहिलो. जिन्यात बॅटरी टांगलेली असे. ती ते स्वतः लावून बघत. काकूंच्या जादाच्या चष्म्याचीही परीक्षा होई. काका पेपर पुढे करत आणि काकू तो जुना चष्मा लावून अग्रलेखाच्या चार ओळी मोठ्यानं वाचत.

“काकू, दर महिन्याला?” मी एकदा विचारलं.

“लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, माणूस व्यवस्थित आहे,” काकू म्हणाल्या. “मलाही सुख वाटलं होतं. काय करून राहिले तुम्ही? बसा, पोहे घ्या.” माझ्या बोलण्यातलं ‘करून राहिलो’ त्यांना फार आवडायचं. जेवायला वाढताना आवर्जून वापरायच्या.

काकांचा आणि माझा खरा संबंध जुळला तो माझ्या मूर्खपणावरून. शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट सादर करायला आठ दिवस होते आणि स्वारगेटच्या स्थानकावर माझी बॅग गेली. उसाचा रस पिण्यासाठी दोन मिनिटं खाली ठेवली, एवढंच. बॅगेत लॅपटॉप होता. घरी येऊन मी जिन्यातच बसलो. काका वरून उतरत होते.

“प्रत?”

“होती, काका. पेन ड्राइव्हवर.”

“मग रडताय कशाला?”

“तो बॅगेतच होता.”

काका एक पायरी खाली आले. “एका बॅगेत दोन प्रती म्हणजे एकच प्रत. जरा जड.” एवढंच बोलून ते निघून गेले. मला वाटलं, झालं, पुणेरी सांत्वन मिळालं. दहा मिनिटांनी त्यांनी मला खाली बोलावलं. स्वतःच्या कॉम्प्युटरवरचं काम बंद केलं, खुर्चीवर उशी ठेवली आणि म्हणाले, “बसा. आठवेल तसं लिहा. दर तासाला मी प्रत घेईन.” आठ दिवस मी त्यांच्या खोलीत बसून प्रोजेक्ट पुन्हा लिहिला. दर तासाला काका येत, मला खुर्चीवरून उठवत, प्रत घेत, ती उघडून बघत आणि जात. काकू ताट टेबलावर आणून ठेवत. त्या आठ दिवसांत त्यांचं स्वतःचं काम बंद होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

ते काम म्हणजे नकाशा.

जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या जुन्या नळांचा आणि त्यांवरच्या व्हॉल्व्हचा. खात्याकडे नकाशे होते, ते काढण्यात काकांचाही हात होता. पण रस्त्यावर डांबराचे थर चढतात, व्हॉल्व्हची झाकणं खाली जातात, आणि कुठला व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे आणि कसा वागतो हे कागदाला कळत नाही. ते कळतं चावीवाल्यांना. लोखंडी लांब चावी खांद्यावर घेऊन सकाळी पाणी सोडणारी माणसं. निवृत्त झाल्यावर काकांनी अशा म्हाताऱ्या चावीवाल्यांना एकेक करून गाठलं. दर रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर गल्ल्यांमधून फिरायचं, ते सांगतील ते वहीत उतरवायचं आणि आठवडाभर कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी साठाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून त्यांनी कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचा क्लास केला होता.

त्यांचा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे हमीदचाचा. तीन पिढ्यांपासून मंडईच्या मागे राहणारा. मी एकदा दोघांबरोबर गेलो होतो. चाचा एका बोळात थांबले, मला म्हणाले, “ए भाऊ, इथं उभं राहा. आता टाच मार. जोरात मार, सरकारी रस्ता आहे, रडत नाही.” मी टाच आपटली. “पोकळ वाजलं ना? खाली चेंबर आहे. माझ्या बापानं मला दाखवलं, मी साहेबांना दाखवतोय.” मग काकांकडे वळून, “आणि लिहा साहेब, ही चावी उलटी फिरते. नव्या माणसानं सुलटी जोर लावून फिरवली तर दांडा तुटतो. मग तीन दिवस पाणी बंद, आणि शिव्या आम्हाला.” काकांनी लिहून घेतलं आणि पुन्हा विचारलं, “उलटी? नक्की?” “साहेब, चाळीस वर्षं फिरवली. बायकोचं नाव विसरेन.”

अशी नकाशाची एकशे त्रेचाळीस पत्रकं झाली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात, ज्यानं सांगितलं त्या चावीवाल्याचं नाव. काकांचं नाव कुठेच नाही. “मी फक्त काढलं,” ते म्हणत. त्यांना एकच गोष्ट हवी होती: खात्यातल्या कुणीतरी येऊन हे घेऊन जावं. ते पत्रं लिहीत, पोच येत असे. तोवर चावीवाले एकेक करून जात होते. चाचाही गेले. मयतीहून येऊन काका कॉम्प्युटरपाशी बसले आणि त्यांनी प्रत घेतली. “आता ही एवढीच आहे,” म्हणाले.

म्हणून प्रतींची ती सगळी यंत्रणा. पहिली कॉम्प्युटरवर. दुसरी एका डिस्कवर, काकूंच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या मध्ये, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. डब्यात ओल लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यात येतात तसल्या पांढऱ्या पुड्या. आख्ख्या इमारतीला ताकीद होती की बूट घेतले तर पुडी काकांना द्यायची. आणि तिसरी प्रत गावाबाहेर. क्लाउडवर ठेवा असं मी सुचवलं होतं.

“तो ढग कुणाचा?”

“कंपनीचा असतो, काका.”

“मी पासवर्ड विसरलो तर मी मीच आहे, हे त्यांना कोण सांगणार? हिला पाठवू?”

मी लग्नानंतर कात्रजला फ्लॅट घेतला, तेव्हा अभिनंदन करायच्या आधी काकांनी विचारलं, “चढावर आहे ना?” आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “उत्तम. नदीला पूर आला तरी तिला तिथवर यायला चढ चढावा लागेल. तिसरी प्रत तुमच्याकडे.” आठ दिवस घरात बसवून घेणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? शिवाय मला ती गंमत वाटली. ऑफिसात मी जे कोट्यवधींच्या यंत्रांनी करत होतो, ते काका दोन डिस्क, दोन पोळ्यांचे डबे आणि शहर बससेवा यांच्यावर करत होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्वारगेटहून बसनं येत. मांडीवर डबा. दारातूनच ओरडत, “आतली बाहेर काढा!” कारण नवी डिस्क घरात शिरण्याआधी जुनी गॅलरीत जायला हवी. दोन प्रती एका खोलीत क्षणभरही नकोत. माझी बायको जुना डबा घेऊन गॅलरीत उभी राही आणि मी दारात नवा डबा घेई. शेजारच्या बाई एकदा बायकोला म्हणाल्या, “तुमच्याकडे दर महिन्याला काहीतरी विधी असतो का हो?” मग परीक्षा. “पत्रक अठ्ठ्याण्णव उघडा. उजव्या कोपऱ्यातलं नाव वाचा.” मी वाचायचं, त्यांनी वहीतल्या यादीशी ताडून बघायचं. मग चहा.

गुडघा गेला आणि त्यांचं येणं थांबलं. ठरलं असं, की आता डबा न्यायला-आणायला मी पेठेत जायचं. मी दोन महिने गेलो. तिसऱ्या महिन्यात काम निघालं. चौथ्यात पाहुणे. काकांनी तक्रार केली नाही. “नकाशात आता फारशी भर नाही पडत,” म्हणाले. “जी आहे ती उघडून बघत जा म्हणजे झालं.” दर पहिल्या रविवारी फोन यायचा.

“कात्रज कसं आहे?”

“ठणठणीत, काका.”

आम्ही केरळला गेलो, परत आलो. सासूसासरे फोटो बघायला येणार होते, आणि मोबाइलवर सहा जणांनी डोकी घालण्यापेक्षा टीव्हीवर दाखवू असं मी ऐटीत जाहीर केलं होतं. घरात डिस्क एकच, काकांच्या डब्यातली. फोटो तिच्यात टाकले. टीव्ही ती डिस्क वाचेना. टीव्हीनं नम्रपणे विचारलं, फॉरमॅट करू का? म्हणजे आतलं सगळं पुसू का?

हा प्रश्न विचारला गेला की काय करायचं, यावर मी माणसांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देतो. आधी आतलं दुसरीकडे उतरवायचं. लॅपटॉप भरलेला होता. खाली गाडी लागल्याचा आवाज आला. माझ्या मनात जे आलं ते मला शब्दशः आठवतं: काकांकडे दोन आहेत. पुढच्या रविवारी जाऊन आणू.

तीन प्रती ठेवण्याचा हाच घोटाळा आहे. सांभाळणाऱ्याला आपली प्रत नेहमी जादाचीच वाटते. हे वाक्य मात्र माझं, आणि ते मी कुठल्याही स्लाइडवर टाकलेलं नाही.

हो म्हटलं. फोटो पुन्हा टाकले, फार सुंदर दिसले. हाउसबोटीवर लुंगी नेसलेला मी बघून सासरे हसून हसून लाल झाले.

तो पुढचा रविवार आला नाही. डिस्क टीव्हीला लागली ती लागलीच. मुलीची कार्टून, आमचे सिनेमे, काठोकाठ भरली. फोन येत राहिले. एकदा काका म्हणाले, “सत्तेचाळीस उघडा बघू. उजव्या कोपऱ्यात कोण?” मी टीव्हीसमोर बसलो होतो. एकशे त्रेचाळीसांपैकी साठेक तरी चाचांची, एवढं मला ठाऊक होतं. चार सेकंद थांबलो, उघडायला लागतील तेवढी, आणि म्हणालो, “हमीदचाचा.”

“बरोबर!” काकांना आनंद झाला. मलाही. त्या संध्याकाळी मी हा किस्सा मित्रांना रंगवून सांगितला. सगळे खूप हसले.

पावणेदोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी फोन आला, पहिला रविवार नसताना.

“ऐका. आधी चांगलं सांगतो. खात्यातला एक तरुण इंजिनिअर मंगळवारी येतोय. माझं जुनं पत्र त्याच्या हाती लागलं. त्याला नकाशा हवाय. स्वतः फोन केला हो त्यानं! आता दुसरं. त्याच्यासाठी प्रत काढायला म्हणून मी कपाटातली डिस्क कॉम्प्युटरला लावली, आणि तेवढ्यात खांबावर न्यूट्रलची तार तुटली. विजेचा दाब एकदम वाढला. टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर आणि डिस्क, सगळं एका झटक्यात. धूरच आला. दोन्ही प्रती गेल्या.”

माझी नजर टीव्हीला लावलेल्या डिस्कवर गेली.

“अहो, घाबरू नका! मी म्हणत नव्हतो? लोक हसायचे. हिनं कालपासून मला तीनदा खरं ठरवलं. घेऊन या कात्रज.”

इतक्या वर्षांत त्यांचा इतका खूश आवाज मी ऐकला नव्हता.

डिस्क टीव्हीपासून काढली आणि पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम तिच्यावर चालवला. मला येतं ते. त्याचेच पैसे मिळतात. तीन तासांत चार पत्रकं निघाली. बाकी ठिकाणी अस्वल आणि ससा गाणी म्हणत होते. बायको मागे उभी होती.

“जाऊन खरं सांग,” ती म्हणाली.

“सांगतो.”

स्कूटरवरून जाताना वाक्य तयार झालं ते वेगळंच. काकांच्या दारात मी म्हणालो, “काका, डिस्क बिघडलीय. उघडतच नाहीये.”

काका खुर्चीत बसले होते, गुडघ्याला पट्टा. समोर वरच्या भाडेकरूचा लॅपटॉप मागून आणून ठेवलेला. त्यांनी हात पुढे केला. “बघू.”

“नाही उघडत, काका. मी बघितलं.”

“बघितलं, हे कळलं.”

डिस्क लावली. एका सेकंदात उघडली. पहिल्या पानावर अस्वल, ससा, आणि ‘केरळ’ नावाचा फोल्डर. काकांनी तो उघडला. एकेक फोटो पुढे करत गेले. हाउसबोट. नारळाचं झाड. लुंगीतला मी. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि मी त्याची वाट बघत होतो. ओरडले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. सगळे फोटो संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “कधी पुसलं?”

मी सांगितलं.

“म्हणजे सत्तेचाळीस?”

“अंदाजानं, काका.”

त्यांनी फोल्डर बंद केला. मी घाईघाईनं म्हणालो, की चार पत्रकं निघालीत, डिस्क प्रयोगशाळेत देऊ, तिथे आणखी खोलवर शोधतात, कदाचित त्यात हे वरचं सगळं जाईल पण—

“मग या फोटोंची दुसरी प्रत आहे ना?” काकांनी विचारलं.

नव्हती. मोबाइल मध्यंतरी बदलला होता.

“मग आधी ती घ्या,” ते म्हणाले. “मुलगी लहान आहे यात.”

सोमवारी मी रजा टाकून तिन्ही डिस्क घेऊन शहरभर फिरलो. जळलेल्या दोन बघून दुकानदारांनी मान हलवली. तिसरीतून आणखी एकही पत्रक निघालं नाही.

मंगळवारीही गेलो. बोलावलं नव्हतं. इंजिनिअर अकराला आला, तिशीतला, हेल्मेट हातात घेऊन, वाकून नमस्कार करणारा. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ओळख करून देताना माझ्याकडे हात करून म्हणाले, “हे आमचे जुने भाडेकरू. कॉम्प्युटरमधले आहेत.” मग ती चार पत्रकं छापून आणलेली त्याच्यापुढे ठेवली. तो त्यांच्यावर वाकलाच. “बाप रे. ही चावी उलटी फिरते? सर, इथला दांडा आम्ही दोनदा तोडलाय. बाकीची बघू ना?”

“एवढीच आहेत,” काका म्हणाले. “एकशे त्रेचाळीस होती. विजेच्या दाबानं कॉम्प्युटर जळला.”

“अरेरे.” त्याला खरंच वाईट वाटलं. “ज्यांनी सांगितलं त्यांना पुन्हा भेटता येईल का?”

“नाही.”

“वह्या?”

“कोपऱ्यातल्या नावांची यादी आहे फक्त. कच्च्या वह्या पत्रक झालं की द्यायचो रद्दीत. जागा कुठाय?”

इंजिनिअरनं चारही कागद खाली ठेवले. मग अगदी आदरानं, थोरल्या माणसाला लागू नये अशा बेतानं त्यानं विचारलं, “सर, बॅकअप नव्हता का ठेवला?”

मी खुर्चीत पुढे सरकलो. वाक्य तोंडाशी आलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या चार कागदांच्या कडा जुळवत होते.

“नव्हता,” ते म्हणाले. “राहून गेलं.”

“होतं असं, सर. तुमच्या पिढीला कोण सांगणार?” तो पोरगा माझ्याकडे वळला. “तुम्ही तर यातलेच ना? तुम्ही तरी त्यांना सांगायचं.”

“हो,” मी म्हणालो. “सांगायला हवं होतं.”

आतून काकू चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते.